चढती लय

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं ते माझ्या मामांमुळे. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. मी कट्टा या आमच्या बाजारगावाहून एसटीने जाऊन-येऊन बी. कॉम. झालो, तो हट्ट त्यांचा. मामा परदेशी प्रवासी बोटीवर स्वयंपाकघरात कामाला होते. सुट्टीवर आले की गावच्या भजनात मृदंग वाजवत आणि मला शेजारी बसवून शिकवत. बोटीवर संध्याकाळी बँड वाजायचा, तो ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकत. 'तुका थंय बसलेलो बघूचो आसा,' असं म्हणत. नोकरी संपवून परतताना त्यांनी गोव्यातल्या एका मोडलेल्या बँडचा ड्रमसेट माझ्यासाठी आणला.

तो आम्ही काजूच्या बागेतल्या मांगरात, पत्र्याच्या शेतघरात, मांडला. शेजारची काकी वाटेवरून विचारायची, "पत्र्यार नारळ पाडतंस काय रे?"

बोटीवरच्या बँडला तीन तऱ्हा यायलाच हव्यात. जॅझमध्ये उजवा हात मोठ्या झांजेवर झुलत राहतो आणि डावा पाय दुसऱ्या-चौथ्या मात्रेला छोटी झांज मिटतो. अमेरिकन सोल संगीतात ठोका किंचित मागे रेलून पडतो, मधले बारीक ठोके ऐकू आले न आले असे. ब्राझीलच्या सांबात पाय छातीच्या ठोक्यासारखा खाली चालू राहतो. हे सगळं मी मोबाइलवर बघून बघून बसवलं. हात बसले. लय मात्र एका जागी थांबेना.

आमच्या भजनात गजर सुरू झाला की लय चढते. एकच ओळ पुन्हा पुन्हा, टाळ्या, झांजा, आणि सगळ्यांना ओढून वर नेणारा मृदंगवाला. तो चढला नाही तर भजन पडलं. लहानपणापासून माझ्या हाताला हेच ठाऊक. ड्रमवर कुठलीही तऱ्हा धरली आणि जरा रंग आला, की हात गजराला निघायचा.

गोव्यात बोटीसाठी वादक निवडतात, तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच सांगितलं गेलं: हात चांगला आहे, पण तुम्ही पळता. वर्षभर कानात मेट्रोनोमची, लय बांधून देणाऱ्या यंत्राची, टिकटिक घालून बसलो. शनिवार-रविवारी देवबागला पर्यटकांसमोर एका गिटारवाल्याबरोबर वाजवायचो. गाणं संपलं की तो घाम पुसत म्हणायचा, "तुझी गाडी चुकता काय रे?"

त्याच वर्षी मामांची उजवी बाजू लुळी पडली. मुंबईला मुलीकडे जाण्याआधी ते मांगरात येऊन खुर्चीवर बसले. मी सांबा धरला. त्यांच्यासमोर टिकटिक लावायची लाज वाटली. लय चढत गेली आणि मामा डाव्या हाताने मांडी थोपटू लागले.

"आता चढलो बघ," ते म्हणाले. "बोटीवरचे लोक उभे रवतले, झिला."

लय चढणं, हेच तर व्हायला नको होतं, पण त्यांना ते सांगवलं नाही.

दुसऱ्या वेळी गोव्यात परीक्षकांनी माझं वाजवणं रेकॉर्ड केलं. सुरुवातीचा तुकडा ऐकवला, लगेच शेवटचा. "ही दोन वेगळी गाणी वाटतात," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पुन्हा येण्यात तुमचा वेळ जाईल, तेव्हा येऊ नका, असंही त्यांनी नीट समजावून सांगितलं.

गणपतीत घरोघरी भजनं झाली. मृदंग माझ्याकडेच होता. गजर आला, मंडळी टाळ्या देऊ लागली आणि माझा हात आहे तिथेच राहिला. वर्षभराची टिकटिक कानात नसूनही वाजत होती. मी ओढायला गेलो तर लय तुटली. भजन गाणाऱ्या बुवांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, मग गजर आवरता घेतला. "बरा नाय काय तुका?" त्यांनी हळूच विचारलं आणि मृदंग दुसऱ्याकडे सरकवला. बोटीवरचं मिळालं नव्हतं, आणि मामांनी दिलेलंही माझ्याकडे राहिलं नव्हतं.

मामा फोनवर दर वेळी बोटीचं विचारत. शेवटी मी त्यांना पत्र पाठवलं:

"मामा, फोनवर तुमचा आवाज ऐकला की सांगवत नाही, म्हणून लिहितो. ताईकडून वाचून घ्या. बोटीवर माझी निवड झाली नाही आणि यापुढे होणार नाही. तुम्ही वाट बघू नका. मी रोज बसत होतो, आळस केला नाही, एवढं खरं माना. गणपतीत मृदंगावरही हात चालला नाही. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. पुढच्या महिन्यापासून कट्ट्याला पतसंस्थेत कामाला लागतो. तुम्ही शिकवलंत म्हणून तेवढं तरी मिळालं. ड्रमसेटवर चादर घातली आहे. मांगरात ओल फार आहे, तिथे तो खराब होईल. घरी आणला तर दिवसभर समोर दिसेल. त्याचं काय करायचं, ते तुम्हीच कळवा."