आईचं वेगळं ताट

त्या वर्षी पुण्यात स्वाइन फ्लूची साथ होती आणि चंडीगडच्या आमच्या गल्लीत पुण्याची मी एकटीच. बातम्या लागल्या की शेजारीण विचारायची, "आपके यहाँ सब ठीक है ना जी?" आणि विचारता विचारता एक पाऊल मागे सरकायची. मला तिचा भयंकर राग यायचा. त्याच आठवड्यात आई गणपतीसाठी पुण्याहून आली आणि मीही तेच केलं.

माझी लेक तेव्हा पाच वर्षांची, दम्याची. आदल्या हिवाळ्यात तिला चार दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं. त्यामुळे आई रिक्षातून उतरते न उतरते तोच मी फाटकात सांगितलं, "आठवडाभर वर गच्चीवरच्या खोलीत राहायचं. खाली यायचं नाही, हिला जवळ घ्यायचं नाही." नवरा म्हणाला, "अगं, निदान पाणी तरी पिऊ दे तिला." आई नुसतं "बरं" म्हणाली आणि बॅग उचलून जिना चढली.

तिचं ताट, वाटी, तांब्या मी वेगळं काढलं. जेवण जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायचं, हाक मारायची आणि तिनं दार उघडायच्या आत खाली यायचं. ताट ती स्वतःच घासून गच्चीवर उन्हात पालथं घालायची. खाली आरती सुरू झाली की वरून तिचा आवाज यायचा, आमच्यापेक्षा अर्धी ओळ मागे. लेक पहिल्या पायरीवरून ओरडायची, "आजी, आप नीचे कब आओगे?" मी तिला दंडाला धरून आत न्यायची. सगळं कसं चोख चाललंय, याचं मला कौतुकच वाटत होतं.

मी मात्र रोज सेक्टर ३४ मधल्या क्लासला शिकवायला जात होते. बंद खोलीत साठ मुलं, त्यातली निम्मी खोकणारी. मला शिंका सुरू झाल्या, अंग दुखायला लागलं. एसीचा त्रास, असं परस्पर ठरवून मी घरी आल्या आल्या लेकीला मांडीवर घेत राहिले. पाचव्या दिवशी ती तापली आणि तिची छाती वाजायला लागली.

"घर में कोई बीमार है?" डॉक्टरांनी विचारलं.

"मेरी माँ पुणे से आई हैं," मी ताडकन म्हटलं.

"उन्हें बुखार है? खाँसी?"

"नहीं."

त्यांनी माझ्या हातातल्या चुरगळलेल्या रुमालाकडे पाहिलं. "और आपको?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक सावरली, नशीब माझं. आईला वेगळं ठेवणं चुकलं, असं मी आजही म्हणत नाही. पण हुकूम सोडण्याऐवजी समजावून सांगता आलं असतं. जिन्यात लांब बसून चार गोष्टी बोलता आल्या असत्या. मला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा आजीनं कोपऱ्यात माझ्यासाठी घोंगडी आणि वेगळं ताट मांडलं होतं. त्याच कोपऱ्यात आईनं लग्नापासून दर महिन्याचे चार दिवस काढलेले. तिनं ते ताट उचललं, घरातल्या भांड्यांत ठेवलं आणि मला म्हणाली, "चल, पोळ्या लाटू लाग." आजी महिनाभर तिच्याशी बोलली नाही. हे मला जिना चढउतार करताना एकदाही आठवलं नाही, याची लाज वाटते.

घरात सगळे बरे झाल्यावर मी वर गेले. दुसऱ्या दिवशी आईचं परतीचं तिकीट होतं. "आई, चल खाली," म्हटलं. ती ताट-वाटी हातात घेऊनच उतरली. लेक धावत आली. आईनं ताट खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले आणि मध्येच थांबली.

"आता शिवलं तर चालेल ना गं?" तिनं मला विचारलं.

टोमणा नव्हता त्यात. ती खरंच विचारत होती.