ज्योती मांडवात ओरडली तेव्हा

देवीपुढे हात तरी कशाला जोडायचे, असं मला त्या वर्षी वाटू लागलं होतं. माझी ज्योती तेव्हा नऊ वर्षांची. समज मात्र तीन वर्षांच्या लेकराएवढी. ते दुःख आम्ही केव्हाच गिळलं होतं. गिळता येत नव्हतं ते दुसरंच. तिची चड्डी सारखी खराब व्हायची. पातळ शी थोडी थोडी झिरपत राहायची, लघवीही कपड्यातच. हे अंकुशनगरच्या कारखान्यात कारकून होते, आम्ही तिथल्याच वसाहतीत राहायचो. शेजारणी मनाने वाईट नव्हत्या, पण ज्योती अंगणात आली की आपली मुलं हळूच आत बोलवायच्या. जुलाब समजून मी तिला डाळिंबाची साल उगाळून द्यायची. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी बेतानेच द्या, असं सगळेच सांगायचे, तेही करून पाहिलं. अशा मुलांसाठी जालन्यात एक शाळा होती. तिथल्या बाई एवढंच म्हणाल्या, "शी-शू सांगायला लागली की घेऊन या." आणि एका डॉक्टरांनी तर हात झटकले होते, अशा मुलांचं असंच असतं म्हणून.

यांनी हट्ट धरला म्हणून आम्ही पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला गेलो. खरं सांगते, माझ्या मनात श्रद्धा नव्हती, भांडण होतं. बायकांच्या रांगेत आम्ही दोघी उभ्या असतानाच ज्योतीचं झालं. वास सुटला, पुढची माणसं सरकली. कुणीतरी म्हणालं, "बाहेर न्या की तिला." गाभारा चार पावलांवर असताना मी मागे फिरले आणि देवळामागच्या नळाशी तिला धुवायला बसले. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

तेवढ्यात एक वयस्क बाई बादली घेऊन शेजारी बसली. न विचारता तिने ज्योतीच्या अंगावर पाणी घातलं. पोटावरून हात फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

"ताई, हिचं पोट पाह्यलं का? दगडावानी लागून राह्यलं."

"जुलाब आहेत हो तिला, कितीतरी दिवसांपासून."

"जुलाब न्हाईत हे. आत शी वाळून बसली हाये, अन् तिच्या बाजूनं पातळ गळून राह्यलं. माझ्या लेकाचं बराबर असंच झाल्तं."

तिचा लेक मागेच उभा होता. चांगला पंचविशीचा, पांढऱ्याशुभ्र पायजम्यातला, ज्योतीसारखाच भोळा चेहरा. तो जड जिभेने म्हणाला, "माय, जाऊन येतो," आणि एकटाच शौचाला गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. असं होऊ शकतं, हे मला तोवर कुणी दाखवलंच नव्हतं.

"घरी जाऊ नका," ती म्हणाली. "जल्दी जालन्याला जा. लेकरांच्या डॉक्टरला म्हणा, पोट तपासा." एवढं बोलून ती परत आलेल्या लेकाचा हात धरून गर्दीत गेली.

दर्शन न घेताच आम्ही बस धरली. जालन्याच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, फोटो काढला आणि तेच सांगितलं. साचलेल्या शौचाने आतडं ताणलं होतं, म्हणून तिला जाणीवच होत नव्हती. त्याचाच दाब लघवीच्या पिशवीवर येत होता. आधी पोट मोकळं करायचं औषध, मग रोज शौच मऊ ठेवायचं. भरपूर पाणी, आणि जेवणानंतर पायाखाली पाट देऊन भांड्यावर बसवणं. मी तिच्यासमोर बसून देवीची गाणी म्हणायची, ती टाळ्या वाजवायची. काही झालं की आम्ही दोघं नवरा-बायकोही टाळ्या वाजवायचो. मध्ये बरं वाटलं म्हणून औषध बंद केलं, तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं. डॉक्टर रागावले नाहीत. "महिनोन्महिने लागतात बाई, सोडू नका," म्हणाले. सोडलं नाही. चड्ड्या हळूहळू कोरड्या राहू लागल्या, पण तोंडाने ती काही सांगायची नाही.

पुढल्या वर्षी अंबडला माझ्या भाचीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालली होती, सगळा मांडव अक्षता घेऊन उभा. आणि ज्योती खणखणीत आवाजात ओरडली, "आई, शी आली!"

माणसं हसली. भटजी अडखळले. आणि मी? मी हातातल्या अक्षता तिथेच तिच्या डोक्यावर टाकल्या, तिचं बोट धरलं आणि भर मांडवातून ताठ मानेनं चालत निघाले. मागून हे धावत आले, डोळे पुसत. परत आली ती तीच परकर-चोळी घालून, कोरडी, आणि भेटेल त्याला सांगत, "झालं! मला झालं!" माझ्या भावाने तिला उचलून खांद्यावर घेतलं.

त्या जूनपासून ती जालन्याच्या त्या शाळेत जाऊ लागली.

मी देवीकडे वर्षानुवर्षं शहाणी मुलगी मागत होते. तिने मुलगी आहे तशीच ठेवली, फक्त तिच्या पोटातलं दुखणं ओळखणारा हात पाठवला. गाभाऱ्यापर्यंत मी पोचले नाही, म्हणून तीच नळापर्यंत आली असं मी मानते. कुणी हसलं तरी चालेल. शरण जाणं म्हणजे हात टेकून बसणं, असं मला वाटायचं. आता कळतं, जे लेकरू दिलंय त्याला मनापासून आपलं म्हणायचं आणि रोजचं काम न कंटाळता करत राहायचं. ज्योती आज मोठी बाई झाली आहे. सकाळी स्वतःचं स्वतः आवरून येते आणि देवघरात माझ्या शेजारी बसते. आता मी मागत काहीच नाही. आम्ही दोघी नुसत्या टाळ्या वाजवतो.