कोसा राखताना

आमचं घर मासे आणि कोसा यांवर चालायचं. पन्नास सालानंतरची गोष्ट, चांदा जिल्हा अजून एकच होता. धानोऱ्याच्या वाटेवर जंगलात ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या सोडायच्या आणि त्या कोष विणेपर्यंत महिना-दीड महिना राखण करायची. राखणाऱ्या बाप्यानं तेवढे दिवस रानातच राहायचं. दाढी नाही, तेल नाही, जेवण एक वेळ. घरच्या बाळंतपणाचा विटाळ तर कानावरही येता कामा नये, नाहीतर अळ्या काळ्या पडून लोंबतात, असं सारं गाव मानायचं. आता चीड येते त्याची. पण तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आदल्या साली आमच्या अळ्या खरंच सडल्या होत्या.

बाबा रानात असताना आईला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. दुसऱ्या दिवशीही बाळ येईना. सुईण म्हणाली, हिला गडचिरोलीच्या दवाखान्यात न्या. गाडी-बैल दारात, हाकणारा रानात; गावचे बाकी बापेही राखणीलाच.

"बाबाले बोलावू?" मी आत्याला विचारलं.

आत्या वाईट नव्हती हो. आईचं डोकं मांडीवर घेऊन तीच रात्रभर बसली होती. म्हणाली, "चार दिवसांत कोसा होते. भाकर देऊन ये. पुसलं तं सारं बरं हाये म्हणजो."

बायामाणसांना आत जायला बंदी, म्हणून भाकर मी काट्यांच्या कुंपणाबाहेर ठेवली. बाबा पाखरं हाकायची गुलेर घेऊन आले. अळ्या हिरव्यागार, बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या, म्हणून खुशीत होते.

"तुही माय बरी हाये ना?"

"बरी हाये."

"काऊन रडून राह्यली मंग?"

"काटा रुतला."

घरी जाऊन मायकडून काढून घे, म्हणाले. मी वळले आणि चालू लागले. दिवस मावळायच्या आत आई गेली, बाळ पोटातच राहिलं. लोक म्हणतात, लेकरू होतीस तू. असेन. पण बाबा समोर उभे होते आणि त्यांनी विचारलं होतं.

कोसा भरघोस झाला. टोपल्या घेऊन बाबा घरी आले तेव्हा त्यांना कळलं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं.

बियाण्याचे कोष त्यांनी आढ्याला टांगले. मिरगाच्या आधी त्यांतून पाखरं निघाली, सकाळी पाहावं तर जोड्या लागलेल्या. नर मेले. माद्या टोपलीत अंडी घालत राहिल्या आणि दिवसेंदिवस वाळत गेल्या. एकीची मला फार दया आली. मी तिच्यापुढं ऐनाचा कोवळा पाला ठेवला, पाणी शिंपडलं. ती ढुंकूनही बघेना.

"राहू दे," बाबा मागून म्हणाले. "तिले तोंडच नसते. अंडी घालते अन् मरते."

मी पाला उचलला. ते टोपलीकडे बघत राहिले.

"तुले तं होतं ना, बाई."