शुभांगीबाईंच्या खोक्यातली माणसं

नाशकात दिंडोरी नाक्याजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे आणि माझा स्वभाव फटकळ आहे. दिवसभर लोकांची तोंडं बघण्याचा धंदा, त्यामुळे कोणाकडे बघून भारावून जायची सवय मला राहिलेली नाही. फक्त शुभांगी देवरे या प्राथमिक शाळेतल्या बाईंनी मला भारावून टाकलं, आणि अजून त्यांचं नाव निघालं की मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

बाई मूळच्या बागलाणातल्या, नामपूरच्या. घरी अहिराणी. नाशकात नोकरीला आल्या तेव्हा बोलताना मध्येच 'आहे'च्या जागी एखादं 'शे' निसटायचं आणि शिक्षकांच्या खोलीत खसखस पिकायची. बाईही हसायच्या. पण आपल्यावर कोण हसलं हे माणूस विसरत नाही. वर्गात कोणी कोणाला हसलं की बाईंचे कान टवकारायचे, ते बहुतेक त्यामुळेच.

त्यांच्या तिसरीच्या वर्गाच्या भिंतीवर 'आपले मदतनीस' नावाचा तक्ता होता. शिंपी, चांभार, पोस्टमन, पोलीस आणि कोपऱ्यात झाडू घेतलेली बाई. असला तक्ता तेव्हा शाळाशाळांत असायचा, आपणही त्याच्याखाली बसूनच शिकलो. १९९८ सालच्या दिवाळीनंतर एके दिवशी राज नावाच्या मुलाने त्या झाडूवाल्या बाईवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ही चैतालीची आई. वर्ग हसला. राजचा बाप पोलीस हवालदार, त्यामुळे तक्त्यातला पोलीस त्याच्या मालकीचा. चैतालीची आई नवसाबाई भाजी मार्केटात झाडायच्या. दुसऱ्या दिवसापासून चैताली शाळेत आली नाही. बाई पेठ रोडकडच्या वसाहतीत तिच्या घरी दोनदा जाऊन आल्या, तर पोरगी पलंगाखाली जाऊन बसली.

बाईंनी तक्ता उतरवला आणि माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, नवीन साहित्य करायचंय. छापील चित्रं नकोत, वर्गातल्या पोरांच्या खऱ्या आईबापांचे फोटो हवेत, हातात आपापली अवजारं घेतलेले. श्रमाची प्रतिष्ठा वगैरे त्यांनी मला समजावून सांगितलं. मला ते पटलं. मी रविवारचा दिवस दिला आणि पोरांबरोबर निरोप गेला की येताना कामाची वस्तू घेऊन या.

आता आमच्याकडे फोटो म्हणजे काय असतो, ते या शिकल्या-सवरल्या बाईंना कळायला नको? आणि या धंद्यात केस पिकलेल्या मलाही? रविवारी सकाळी माझ्या दारात वऱ्हाड उतरलं. मखमलाबादचे फूलवाले सावळीराम लग्नातला कोट घालून आले. रिक्षावाला पावडर थापून. भाजीवाल्या गोजराबाई नथ घालून. अवजार एकाच्याही हातात नाही. राजचे वडील तर गणवेश सोडून पांढऱ्या सफारीत आले. सगळ्यांत शेवटी नवसाबाई आल्या, हिरव्या काठापदराच्या साडीत, आणि डोळ्यांवर भला मोठा काळा गॉगल.

बाई रडकुंडीला आल्या. निदान एक फोटो तरी मनासारखा व्हावा म्हणून त्यांनी शाळेतला झाडू बरोबर आणला होता. तो पुढे करून त्या नवसाबाईंना म्हणाल्या, यात कमीपणा नाही, उलट मुलांना कळू द्या.

नवसाबाईंनी झाडूला हात लावला नाही. रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "बाई, झाडू तर समद्यांनी पाह्यलाय. मला कोणी पाह्यलंय का?"

बाई झाडू पडद्यामागे ठेवून आल्या आणि मला म्हणाल्या, घ्या, जशा आहेत तशा. संध्याकाळी सगळे गेल्यावर स्टुलावर बसून आपल्या भाषेत पुटपुटल्या, "भाऊ, मनं चुकनं." मी आयुष्यात पुष्कळ मास्तर पाहिले, पण आपलं चुकलं म्हणणारा पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तेही माझ्यासारख्या फोटोवाल्यासमोर. मला एकदम त्यांच्यापुढे लहान झाल्यासारखं वाटलं.

त्यांनी मग सगळा बेतच उलटा केला. साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून एकेका पुठ्ठ्यावर एकेक फोटो चिकटवला. मागची बाजू कोरी. पुठ्ठे एका खोक्यात, आणि खेळाचा नियम असा: डोळे मिटून एक उचलायचा, त्या माणसाच्या घरी जायचं, फोटो बघून जो प्रश्न पडेल तो विचारायचा आणि उत्तर वर्गात येऊन सांगायचं. मग बाई ते मागे लिहिणार. काम काय करता, हा प्रश्न सोडून काहीही विचारायला मुभा. पोरं या गल्लीतून त्या गल्लीत जायला लागली. ज्या घरांत आधी एकमेकांचं पाणी चालत नव्हतं तिथे चहा-चिवडा खाऊन यायला लागली. काही पालकांनी कुरकुर केली. एका आजीने घरी आल्या आल्या नातवाला आंघोळ घातली. बाई तिच्याही घरी गेल्या आणि तिचाही फोटो खोक्यात घालायचं ठरवून आल्या.

पुढे बदल्या झाल्या तसा हा खोक्याचा खेळ बाईंबरोबर फिरला. चांदवडला त्यांनी कांदा मार्केटातल्या माणसांचं खोकं केलं. मनमाडला रेल्वेच्या वस्तीत तर पंजाबी, तमिळ, मुसलमान, भिल्ल अशी सगळी घरं एका खोक्यात आली. दर वेळी मी कॅमेरा घेऊन जायचो. दोन हजार सालानंतर इतर शाळांतल्या शिक्षिकाही बघायला यायच्या आणि आपापलं खोकं करायच्या. पण मी भारावलो तो पहिल्याच खोक्याला.

राजच्या हाती नवसाबाईंचा पुठ्ठा आला. डोळे मिटून तोच कसा आला, हे बाईंना मी कधी विचारलं नाही. मला नवसाबाईंना त्यांच्या फोटोची कॉपी द्यायला जायचंच होतं, म्हणून राजला स्कूटरवर घेतला. नवसाबाई दारात भांडी घासत होत्या. राजने पायाच्या अंगठ्याकडे बघत विचारलं, "तुम्ही गॉगल का घातला?"

नवसाबाईंनी हात पुसले आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या गॉगल लावून, आणि चालच बदललेली. "कोण हाय रे तिकडं? फुडं ये!" असा आवाज टाकला की हवालदाराचं पोरगं ताडकन सावधानमध्ये उभं राहिलं. वसाहतीतल्या बाया दरवर्षी भीमजयंतीला नाटक करत आणि नवसाबाई त्यात हाच गॉगल लावून फौजदार होत. विहिरीवर पाणी भरू दिलं नाही म्हणून तक्रार येते, फौजदार गाव गोळा करतो आणि विचारतो, साक्ष कोण देणार? कोणी उठत नाही. मग फौजदाराचं मोठं भाषण. नवसाबाईंनी भांड्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून सगळं करून दाखवलं. राज म्हणाला, परत एकदा. त्यांनी परत केलं, आणि त्याला पाणी दिलं, ते तो घटाघटा प्याला. चैताली आतून दाराच्या फटीतून बघत होती, पण बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला वर्गाचा फोटो काढायला बोलावलं होतं. राज उत्तर सांगायला उभा राहिला आणि सांगण्याऐवजी करूनच दाखवायला लागला. आवाज चिरका, वाक्यं खालीवर, फौजदाराचा पार शिपाई झाला. पोरं हसून लोळत होती. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बाई, असं नाय ते. त्याला येत नाय."

चैताली होती. पाठीला दप्तर, हातात आईचा गॉगल. उत्तर चुकीचं सांगितलं जाईल, एवढ्या एका काळजीने पोरगी निघून आली होती. बाई खुर्चीवरून उठल्या आणि पोरांमध्ये जमिनीवर मांडी घालून बसल्या.

चैतालीने गॉगल लावला. तो नाकावरून घसरत होता, ती एका हाताने धरून होती. पण बोलायला लागली आणि लोळणारी पोरं सावरून बसली. एवढ्याशा छातीतून तो आवाज कसा निघतो, हे मला आजही उलगडलेलं नाही. विहिरीचं झालं, गाव गोळा झालं. मग तिने सगळ्या वर्गावरून नजर फिरवली.

"साक्ष कोण देणार?"

राज उठला. "मी देतो."

नाटकात तिथे कोणी उठत नाही. पुढचं भाषण कोणी उठलं नाही म्हणूनच असतं, त्यामुळे चैतालीला पुढचं काही सुचेना. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग गॉगल काढला.

"बस," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.