गवताचा एक पट्टा

ब्रांदुरला आम्ही फेब्रुवारीत पुरलं. जमीन इतकी गोठली होती की खड्ड्यासाठी यंत्र आणावं लागलं, आणि तेही दोनदा बंद पडलं. तो असता तर म्हणाला असता, "करा सावकाश, मी कुठं पळून चाललोय?" चर्चमध्ये पाळकबाईंनी त्याच्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं. अडल्यानडल्याच्या मदतीला धावणारा, नदीचा राखणदार, वगैरे. सगळं खरंच होतं. पण गेलेल्या माणसाबद्दल लोक अर्धंच खरं बोलतात, आणि मला अर्धवट कामाचा राग येतो. उरलेलं मी सांगते.

मी दाग्नी. हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपाला लागून माझी खानावळ आहे. मटणाचा रस्सा, राईचा पाव, कॉफी, आणि माझं तोंड. चौथी गोष्ट फुकट मिळते. पंपापासून एक खडीचा रस्ता आत फुटतो आणि नऊ किलोमीटरवर नदीला भिडतो. नदीपलीकडे ब्रांदुरचं घर, गवताचं रान, आणि त्यामागे डोंगरावरून उतरलेला हिमनदीचा पट्टा. पूल नाही. दोनदा बांधला होता. बर्फाखालचा ज्वालामुखी जागा झाला की इतकं पाणी सोडतो की पूल शोधायलासुद्धा समुद्रावर जावं लागतं. सरकारनं तिसऱ्यांदा बांधला नाही. मी सरकार असते तर मीही बांधला नसता.

आमची नदी बर्फाच्या पाण्याची, राखाडी, तळ न दाखवणारी. सकाळी उतरलेली असते, दुपारी ऊन लागलं की चढते. आणि एका जागी राहत नाही. काल जिथे गुडघाभर पाण्यातून पार होता येईल असा उतार होता, तिथे आज गाडी बुडेल एवढा डोह. ब्रांदुरचा आजा लोकांना घोड्यावरून नदी पार करून द्यायचा. त्याचा नदी ओळखणारा डोळा नातवाकडे आला होता. उन्हाळ्यात रोज सकाळी सातला ब्रांदुर छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून पाण्यात शिरायचा, चाचपत उतार शोधायचा आणि दोन्ही बाजूंनी पिवळ्या काठ्या रोवायचा. काठ्यांच्या मधून गेलं की पलीकडे. पायी जायचं तर दोघांनी हात अडकवून, भक्कम माणूस वरच्या अंगाला, म्हणजे धार त्याच्यावर फुटते आणि खालच्याला सोपं जातं. हे आमच्याकडे पोरांना चालायला लागल्यावर लगेच शिकवतात.

पण पाहुण्यांना कोण शिकवणार? ते येतात भाड्याच्या पांढऱ्या गाड्यांतून. दहा दिवसांत अख्खं बेट, काळी वाळू, धबधबे, बर्फ, सगळं उरकायचं असतं. नदीकाठी पाटी आहे, पाच भाषांत आहे. पालथ्या घड्यावर पाणी. काठ्या डावीकडे असल्या तर हे उजवीकडून घुसणार, कारण तिथलं पाणी शांत दिसतं. अहो, शांत दिसतं ते खोल असतं म्हणून! मग गाडी अडकते, माणसं टपावर चढतात, आणि ब्रांदुर आपला लाल ट्रॅक्टर घेऊन जातो. एक जण टपावर बसून इतक्या आनंदानं हात हलवत होता की ब्रांदुरला वाटलं, फिरायला आलाय. जवळ गेल्यावर तो म्हणाला, जरा बाजूला व्हा, तुम्ही फोटोत येताय. असल्यांनासुद्धा ब्रांदुर घरी नेऊन कपडे वाळवून द्यायचा, आणि बायको होती तोवर ती गरम धिरडी करून घालायची. ओढून काढल्याचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. शिव्या मात्र मनसोक्त दिल्या, आमच्या भाषेत. त्यांना वाटायचं, स्वागत करतोय.

त्याची एकुलती एक लेक सोल्वेग. शिकायला म्हणून नॉर्वेला गेली, तिकडच्याच इंजिनिअरशी लग्न करून बसली. बायको गेल्यावर ब्रांदुर एकटाच. बावीस वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये सोल्वेग आपल्या सहा वर्षांच्या तूवाला घेऊन आली. पोरीला आपला देश दाखवायचा म्हणून भाड्याची गाडी घेतली आणि नकाशावर पेन्सिलीनं दहा गोल काढले. शेवटचा गोल घराचा.

त्या महिन्यात सतरा दिवस सलग पाऊस पडला. कापलेलं गवत रानात कुजत होतं. इथं गवत गेलं म्हणजे हिवाळ्यात मेंढरं गेली, आणि मेंढरं गेली म्हणजे माणूस शहरात जाऊन दुसऱ्याच्या कारखान्यात मासे साफ करतो. अठराव्या सकाळी उघडीप पडली. कोरडा उत्तरेचा वारा सुटला. ब्रांदुर नदीवर गेलाच नाही, गवत उलथायला ट्रॅक्टरवर बसला. इथल्या कुठल्याही शेतकऱ्यानं तेच केलं असतं. आधी गवत, मग नदी. लेक संध्याकाळी यायची होती.

ती सकाळीच आली. आजोबांच्या हातचा नाश्ता पोरीला द्यायचा म्हणून पहाटेच निघाली होती. माझ्याकडे कॉफीला थांबली. पोरीला मी साखर लावलेलं धिरडं दिलं.

"सतरा दिवस पाऊस झालाय गं," मी म्हटलं. "नदी बघून जा."

"बाबांच्या काठ्या आहेत की, मावशी," ती हसत म्हणाली. "त्या असताना नदी कशाला बघू?"

नदीनं रात्रीत कूस बदलली होती. काठ्या मात्र जुन्याच जागी होत्या. परका माणूस कदाचित फसला नसता, कारण परके काठ्यांकडे बघतच नाहीत. सोल्वेग बरोबर मधून गेली. गाडी आडवी होऊन दगडांना अडकली. तिनं पोरीला खिडकीतून वर टपावर ढकललं आणि स्वतः पाण्यात उभी राहून तिचा पाय धरून ठेवला. त्या पाण्यात माणसाचे हात दहा-बारा मिनिटं काम देतात. ब्रांदुरचा ट्रॅक्टर पोचला तेव्हा टपावर पोरगी एकटी होती. सोल्वेग दुसऱ्या दिवशी वाळूच्या पट्ट्यावर सापडली.

काठ्यांचं सगळ्या गावाला माहीत होतं, आणि कुणी त्याला बोल लावला नाही. नदीचं काय, ती कुणाचं ऐकते? पण दुसरी एक गोष्ट त्यानं फक्त मला सांगितली, पुढच्या हिवाळ्यात, माझ्या स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता.

"मला गाडी दिसली होती, दाग्नी," तो म्हणाला. "रानातून. पांढरी गाडी, टपावर कुणीतरी हात हलवत होतं. म्हटलं, आला आणखी एक येडा, बसू दे जरा. हातातला गवताचा पट्टा पुरा केला मी. वळलो आणि परत खालपर्यंत गेलो. मग निघालो."

मी बटाटे सोलत राहिले. तो रडला नाही, मीच रडले.

त्या वर्षी त्यानं सगळ्या काठ्या उपटल्या. मेंढरं विकली, रान शेजाऱ्याला दिलं. आणि मग एकवीस उन्हाळे, सकाळी सातपासून संध्याकाळी पाणी उतरेपर्यंत, तो आपल्या जुन्या जीपमध्ये नदीकाठी बसला. गाडी आली की उतरायचा, स्वतः पुढे पाण्यात चालायचा, आणि गाडी त्याच्या मागून. पाळकबाई म्हणतात तो राखणदार हाच. लोक फोटो काढायचे. शिव्या देणं त्यानं सोडलं होतं.

तूवाला तिचा बाप घेऊन गेला. नाताळला एक कार्ड यायचं, आधी बापाच्या अक्षरात, मग तिच्या. भेटायला कधी आली नाही. गाव म्हणायचं, बाप पाठवत नाही. पण पोरगी अठराची झाली, पंचविशीची झाली, आता कसला बाप?

गेल्या ऑगस्टमध्ये पंपावर फोन आला. "मी तूवा बोलतेय. तुम्हीच का धिरडं देणाऱ्या?" भाड्याची गाडी घेऊन ती बेटावर फिरत होती. आईचा नकाशा तिच्याकडे होता, आणि त्यातले गोल ती एकेक करून पुरे करत होती. त्यानंतर रोज फोन यायचा. आज लाव्ह्याच्या रानात शेवाळावर झोपले. आज समुद्रकाठी बर्फाची ढेकळं बघितली. वाऱ्यानं गाडीचं दार मोडता मोडता वाचलं. मी सगळं ब्रांदुरला कळवायचे. तो विचारायचा, "कितवा गोल?"

नवव्या गोलाच्या दिवशी तो माझ्याकडे आला. एकोणऐंशी वर्षांचा, छातीत पाणी झालेलं, दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकायचा.

"तिला सांगणार आहे मी," तो म्हणाला. "पट्ट्याचं."

"कशाला?" मी चिडलेच. "बावीस वर्षांनी पोर दारात येतेय, तिला जेवू घाल, झोपू दे. तुझं ओझं तिच्या डोक्यावर कशाला?"

"नाही सांगितलं तर ती भेटून जाईल कुणाला? मला तर नाहीच."

"आणि ऐकून परत गेली तर?"

"तर जाईल," तो म्हणाला. पण रस्सा त्यानं तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तूवा पंपावर उतरली. आईची उंची, बापाचे केस. धिरडं खाल्लं, कॉफी घेतली, आणि म्हणाली, "तुम्ही याल का नदीपर्यंत? एकटीला नको वाटतंय." तीस वर्षांत पहिल्यांदा मी भर सकाळी खानावळीला कुलूप घातलं. समोर बसभर पाहुणे उभे होते. राहू देत.

ब्रांदुर रबरी बूट चढवून काठावर उभा होता. आम्हांला बघून तो लगेच पाण्यात शिरला आणि हातानं खूण केली, माझ्या मागून ये. तूवानं गाडी पाण्यापासून दहा हातांवर थांबवली आणि किल्ली काढून खिशात टाकली. आम्ही दोघी उतरलो. तोही परत काठावर आला. मिठी नाही, काही नाही. दोघंही नदीकडेच बघत होते.

"उतार चांगला आहे," तो म्हणाला. "आत्ता चाचपलाय."

"असेल," ती म्हणाली. "गाडी नाही नेणार मी."

ब्रांदुरनं मान हलवली. मग एका दमात बोलायला लागला, रात्रभर पाठ केल्यासारखा. "तूवा, त्या दिवशी मी रानात होतो. गाडी मला दिसली होती. मी लगेच आलो नाही. मी..."

"माहितीये मला," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ब्रांदुरनं बघितलं नाही.

"मी टपावर होते ना. लाल ट्रॅक्टर दिसत होता. आई खालून म्हणाली, ते बघ आजोबा, हात हलव. मी हलवला. ट्रॅक्टर वळला आणि परत खाली गेला. आई म्हणाली, येतील, येतील. मी हलवतच राहिले."

मला वाटलं, हा इथंच कोसळणार.

"मला एकच विचारायचंय, आजोबा," तूवा म्हणाली. "त्यासाठी दरवर्षी तिकीट काढायचं म्हणायचे आणि दरवर्षी राहून जायचं. तुम्ही मला ओळखून परत गेलात, की न ओळखता?"

"न ओळखता," ब्रांदुर म्हणाला. "देवाशपथ, न ओळखता. तुम्ही संध्याकाळी यायच्या होतात. मला वाटलं, कुणीतरी पाहुणा."

तिनं डोळे मिटले. तिच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलेलं मला दिसलं. सहा वर्षांच्या पोरीनं बावीस वर्षं हा प्रश्न वागवला होता, आणि आम्ही इकडे तिच्या बापाला दोष देत बसलो होतो.

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

"नाही," ब्रांदुर म्हणाला. "ठीक नाही. तुला ओळखलं नाही, हे खरं. पण कुणीतरी होतं, हे दिसलं होतं मला. पाहुण्याचं पोरही पोरच असतं ना."

खोटं नव्हतंच ते. म्हणून तर तो एकवीस उन्हाळे परक्यांच्या गाड्यांपुढे पाण्यात चालला होता.

मग तूवानं गाडीतून आपले बूट काढले, घातले, आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. सवयीनं तो वरच्या अंगाला गेला. तिनं त्याला दंडाला धरून खालच्या बाजूला आणलं.

"मी भक्कम आहे तुमच्यापेक्षा," ती म्हणाली. "आईनं शिकवलंय."

हात अडकवून दोघं पाण्यात शिरली. गुडघे, मग मांड्या. मधोमध त्याला धाप लागली म्हणून ती थांबली. गाडी अडकली होती ती जागा तिथून पन्नास पावलांवर आहे, पण त्या बाजूला दोघांपैकी कुणी बघितलं नाही. धार तिच्यावर फुटत होती आणि तो तिच्या आडोशाला उभा होता. मग दोघं पलीकडे पोचली. हात तिनं घराच्या दारापर्यंत सोडला नाही.

माफ केलं का, ते मी तिला कधी विचारलं नाही. ती चार दिवस राहिली. त्यानंतर ब्रांदुर नदीवर गेला नाही, अंथरुणातच होता. फेब्रुवारीत ती त्याला पुरायला आली, आणि यंत्र दुसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा फावडं मागून घेऊन उरलेला खड्डा तिनं स्वतः खणला.