भोकरच्या गाडीची कंडक्टर

नातवंडांना सांगत नाही, पण पन्नाशीत मी एक गाढवपणा केला. गाण्याच्या क्लासच्या कार्यक्रमाआधी तिथल्याच एका बाईच्या तंबोऱ्याची खुंटी गुपचूप फिरवून ठेवली.

ती भोकरच्या एस.टी.वर कंडक्टर. खाकी कपड्यांतच क्लासला यायची, सरांच्या प्रत्येक सूचनेला "हाव जी" म्हणायची आणि मला महिनाभर न जमलेली तान एका ऐकण्यात उचलायची. शेवटचं गाणं सरांनी तिलाच दिलं, तेव्हा माझा जळून कोळसा झाला.

मंचावर तिनं तार छेडली, माझ्याकडे पाहिलं, शांतपणे खुंटी पिळली आणि गायली. मेली काय गायली!

नंतर चपला घालताना म्हणाली, "ताई, बरोबर अर्धाच सूर उतरवला तुम्ही. कान लई तयार हाय तुमचा. मंग रियाज कामून करत न्हाई?"