भर दुपारी चढणारा ग्राफ

मे महिन्यात भर दुपारी नागपुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नेमका तेव्हाच परीचा ग्राफ चढायचा. सहा वर्षांची पोर बंद खोलीत झोपलेली, आणि तिच्या उशाशी ठेवलेलं आमचं धूर मोजायचं मशीन अमरावती रोडवरच्या मशीनपेक्षा जास्त धूर दाखवायचं.

आमचं काम सोपं करून सांगते. गाड्या किती, कारखान्यांच्या चिमण्या कुठे, वारा कुठला, हे कम्प्युटरला द्यायचं. त्यावरून कोणाच्या नाकात किती धूर जातो याचा अंदाज काढायचा. त्याला आम्ही एक्स्पोजर म्हणतो. दारं-खिडक्या लावल्या की माणूस बराचसा वाचला, असं आमचं मॉडेल धरून चालतं. ते तपासायला काही घरांत मशीन ठेवली होती. वाडीतलं परीचं घर त्यातलंच.

"कूलरच्या ओलाव्यानं मशीन गंडलंय," साहेब म्हणाले. "तो पॉइंट उडवून टाक."

"सर, कूलर सगळ्याच घरांत आहेत. बाकीची मशीन गप्प आहेत."

"मग जाऊन बघ. पण रिपोर्ट अडवू नकोस."

चरफडत गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. परीच्या आईनं, शुभांगीनं दार उघडलं. उंबरठ्यावर कापलेलं लिंबू. आत अंधार, ओल्या वाळ्याचा वास, कूलरची घरघर. तेवढ्या आवाजातही पोरीच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती.

"बाहेर खेळते तं बरी राहते. या खोलीत झोपली का दम लागते," शुभांगी हळूच म्हणाली. "सासूबाई म्हणते, खोलीतच काही आहे. रविवारी तिले मामाच्या गावी, कुहीले पाठवून राहिलो. शाळाबी तिकडंच टाकू." तिचे डोळे भरले. "पोरगी माह्याबिगर झोपत नाही, मॅडम."

सोबत आणलेल्या हातातल्या छोट्या मशीनचा आकडा गल्लीत शांत होता. उंबरठा ओलांडला तसा हलला. पलंगापाशी चढतच गेला. चूल नाही, उदबत्ती नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण अंगावर काटा आला.

"कूलर बंद करा बरं."

तिनं बटण दाबलं. पंखा थांबला. घरघर थांबली नाही.

आवाज भिंतीतून येत होता. शुभांगीनं माझा हात घट्ट धरला.

मी घराला वळसा घालून मागे गेले. गोदामाची बोळ. मागच्या खिडकीतल्या कूलरच्या पाठीला जवळजवळ टेकून ट्रक उभा, इंजिन चालू, माणूस दिसेना. त्याच्यामागे आणखी ट्रक, सगळे थरथरत उभे. काच ठोठावली तेव्हा एसी केबिनमधून झोपाळलेला ड्रायव्हर उठून बसला.

"बंद किया तो अंदर भट्टी हो जाती, मॅडम. माल उतरने तक यहीच सोते."

त्याचंही खोटं नव्हतं. कूलर पाठीकडून हवा ओढतो. हवा थंड होते, धूर तसाच आत येतो.

शुभांगीच्या नवऱ्यानं त्याच संध्याकाळी कूलर गल्लीकडच्या खिडकीत बसवला. ग्राफ उतरला, शिट्टी कमी झाली, कुहीला जाणारी बॅग रिकामी झाली. सासूबाईंनी लिंबू मात्र काढलं नाही. म्हणाल्या, "राहू दे, ट्रकवालेबी लावतेतच."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "शहरातल्या कूलरच्या पाठी कुठे आहेत, हा डेटा कुठे मिळेल?"

"कुठेच नाही, सर."

"मग मॉडेल आहे तसंच राहू दे."

मशीन परत आणायला गेले तेव्हा पुन्हा बोळीत डोकावले. त्या भिंतीला आणखी कितीतरी कूलर होते, सगळ्यांच्या पाठी ट्रकांकडे. समोरून जाऊन त्या घरांची दारं ठोठावली. आत घरघर चालू होती. कोणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी शुभांगी म्हणाली, "संध्याकाळी मी सांगतो सगळ्याईले."

तिनं सांगितलंही असेल. आमच्या रिपोर्टात मात्र ती सगळी घरं आधीपासूनच सुरक्षित आहेत, कारण त्यांची दारं बंद होती.